कांदाचाळीतला जनरल वॉर्ड

सिस्टरना प्राणी आवडत नसत. हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल लोकांनी बरंच काही पसरवलं. मुक्या जिवांची माया, पूर्वजन्मीचं पुण्य, वगैरे. यातला एकही शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. कुत्रं समोरून आलं तर त्या रस्ता बदलत. मांजरांबद्दलचं त्यांचं मत ‘आगाऊ’ या एका शब्दात संपे. दारात गाय आली आणि एखादी शेजारीण तिच्या पाया पडली, की सिस्टर खिडकीतून विचारत, “हात धुतला का?”

मी त्यांची भाडेकरू. नगरजवळच्या एका गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नवी नेमणूक झाली होती आणि केडगावात खोली शोधत मी त्यांच्या फाटकाशी पोचले. त्यांनी फाटक न उघडताच चौकशी सुरू केली.

“डॉक्टर म्हणजे कुठल्या?”

“जनावरांच्या.”

त्यांनी मला चपलांपासून केसांपर्यंत पाहिलं. “हात दाखवा.”

मी फाटकाच्या गजांतून हात आत घातले. त्यांनी नखं तपासली. “कोपरापर्यंत धुता का?”

“आमच्याकडे खांद्यापर्यंत धुवावे लागतात,” मी म्हणाले.

हे उत्तर त्यांना फार आवडलं असावं. फाटक उघडलं. “वरची खोली घ्या.”

सिस्टर एका मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या, पण वॉर्ड काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारलं तर “ड्यूटी होती” म्हणत. पांढरी कडक साडी, छातीशी पिनेनं अडकवलेलं घड्याळ आणि पार रस्त्यापलीकडच्या रसवंतीतल्या माणसाच्या हातून ग्लास पडेल असा आवाज. घरी आलेल्या पाहुण्यांना त्या ठरलेल्या वेळी “भेटायची वेळ संपली” असं सांगत, आणि पाहुणे खरोखर उठत. भाजीवाला त्यांना सिस्टर म्हणे, शेजारी म्हणत, आणि त्यांचा सख्खा थोरला भाऊसुद्धा फोनवर “काय सिस्टर, कशा आहात?” असंच विचारायचा.

मला त्या ‘डॉक्टर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. पण ज्या सुरात म्हणत, त्यावरून कळे की आयुष्यभर त्यांनी नवशिक्या डॉक्टरांना असंच तुम्ही-तुम्ही म्हणत घाम फोडला असणार.

तर, उन्हाळ्यातली एक दुपार. मी जेवून आडवी झाले होते. खालून हाक आली, “डॉक्टर! लेबर पेशंट आलंय!”

मी धावत खाली गेले. फाटकाबाहेर एक तांबडी मोकाट गाय रस्त्यावर पडली होती. वासराचा एक पाय बाहेर आलेला, दुसरा आतच मागे राहिलेला. किती वेळ कळा देत होती कोण जाणे, आता तिच्यात जोर उरला नव्हता. बघ्यांची गर्दी जमली होती आणि दोघंजण मोबाईलवर शूटिंग करत होते.

“रस्त्यावर डिलिव्हरी?” सिस्टर कडाडल्या. “आत घ्या तिला. आणि पुरुषांनी बाहेर थांबायचं.”

गाय आत घ्यायची तर पुरुषांशिवाय कशी घेणार? शेवटी रसवंतीवाल्यासह चार-पाच जणांनी गोणपाटावरून ओढत तिला पोर्चमध्ये आणलं, आणि लगेच त्यांना बाहेर काढण्यात आलं. मी खांद्यापर्यंत हात धुतला, आत घातला आणि तो अडकलेला पाय शोधू लागले. सिस्टर गाईच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. हात लावला नाही. फक्त बोलत होत्या.

“कळ दे, बाई. तोंड मिट. ओरडून काही होत नाही, जोर खाली लाव. आता नको, आता नको... आता दे!”

आणि मला आजही सांगता येणार नाही की कसं, पण त्यांच्या ‘आता दे’ला गाईनं कळ दिली. पाय सरळ झाला, मी ओढलं आणि वासरू बाहेर आलं.

सिस्टरनी आयुष्यात पहिल्यांदा एका जनावराला हात घातला तो तेव्हा. वासराला मागच्या पायांना धरून उलटं करायला गेल्या. ते वजन त्यांना कुठलं पेलतंय! “रडलं नाही!” त्या घाबरून म्हणाल्या. “डॉक्टर, रडलं नाही!”

“वासरं रडत नाहीत, सिस्टर.”

“मग जिवंत आहे हे कळायचं कसं?”

वासरू शिंकलं. सिस्टरच्या साडीभर.

मग आम्ही दोघी एकदम म्हणालो, “वार पडली का?” आणि एकमेकींकडे बघितलं. माणसाची आणि गाईची, दोन्ही बाळंतपणं नाळेमागून पडणाऱ्या वारेच्या त्या एका शब्दाशी येऊन थांबतात हे मला ठाऊक होतं; त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा चेहरा बदलला. हे आपल्याच खात्यातलं काम आहे, असं काहीतरी त्यांच्या मनानं तिथे घेतलं.

वॉर्डातल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी वासराच्या पायाला पट्टी बांधली आणि तिच्यावर लिहिलं: ‘बेबी ऑफ’. मग पेन थांबलं. “आईचं नाव?”

“मोकाट आहे ती,” मी म्हणाले.

“मोकाट हे नाव नाही.” त्यांनी ‘तांबडी’ लिहिलं आणि फाटकाबाहेर बघितलं. “पेशंटबरोबर कोण आहे?”

गर्दी एक पाऊल मागे सरकली.

“अहो रसवंती! तुम्ही आत आणलंत ना? मग तुम्ही नातेवाईक. सकाळ-संध्याकाळ हिरवा चारा. भेटायची वेळ चार ते सहा.”

“सिस्टर, मी कसा काय...”

“बाळंतिणीला उपाशी ठेवणार का?”

रसवंतीवाला संध्याकाळी उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन आला. चारच्या ठोक्याला.

आमचं रुग्णालय सुरू झालं ते असं. कोणी ठराव केला नाही, नारळ फोडला नाही. गाईची बातमी पसरली आणि लोक जखमी जनावरं घेऊन येऊ लागले. पायावरून गाडी गेलेली कुत्री, मांज्यानं कापलेली घार, पाठीला सडलेली जखम असलेलं गाढव. मी दवाखान्यातून परतले की पोर्चमध्ये पेशंट हजर. सिस्टरची अट एकच: जो आणेल तो नातेवाईक.

जखमी कुत्रं आणणाऱ्या एका रिक्षावाल्याशी सिस्टरचा झालेला संवाद मी जिन्यात उभं राहून ऐकला.

“मी न्हाई ओ त्याचा कुनी. रस्त्यात पडल्यालं दिसलं, उचलून आनलं.”

“तूच उचललंस ना?”

“व्हय.”

“मग तूच बाप. उद्या दूध-भाकरी. आणि पेशंटजवळ तंबाखू खायची नाही.”

रिक्षावाला डोकं खाजवत गेला. पण दुसऱ्या दिवशी आला, बायकोलाही घेऊन आला. ती कुत्र्याला बघून म्हणाली, “हे व्हय तुमचं नवं पोरगं?” दोघं बराच वेळ तिथे बसून राहिले.

सिस्टरचं सगळंच बरोबर असे, असं मुळीच नाही. त्यांनी कुत्र्यांसाठी कोपरे घडी करून चादरी घातल्या. पहिल्याच दिवशी एकानं चादर खाल्ली. ऑपरेशनच्या आधी ‘उपाशी ठेवणे’ अशी पाटी त्या पिंजऱ्याला लावत आणि शेजारच्या कुत्र्याला दटावत, “तू त्याला देऊ नकोस.” पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. एकदा एक गुबगुबीत बोका बायकांच्या बाजूला आठवडाभर राहिला. मी ते लक्षात आणून दिल्यावर त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला वाटतं त्या बोक्यालाही लाज वाटली असेल.

शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. त्यांच्या दुपारच्या झोपेचं आमच्या पेशंटांनी खोबरं केलं होतं. एके दिवशी ते तणतणत आले.

“सिस्टर, मला झोप लागत नाही!”

“कधीपासून?” सिस्टरनी त्यांचा हात धरला आणि घड्याळ बघत नाडी मोजायला सुरुवात केली. “बसा. जेवणात मीठ किती असतं? लोणचं?”

मॅनेजर दहा मिनिटांनी रक्तदाब तपासून, पापड बंद करण्याचं कबूल करून घरी गेले. आपण भांडायला गेलो होतो हे त्यांना घरी गेल्यावर आठवलं. मग त्यांनी महानगरपालिकेत तक्रार केली.

तिथून एक तरुण अधिकारी पाहणीला आला. अशा पुरुषांसाठी सिस्टरकडे एक ठेवणीतलं अस्त्र होतं. रुग्णालय सुरू झाल्यापासून नगरसेवक, ट्रकवाला, औषधाचा दुकानदार, जो कोणी अडवणूक करी त्याच्यावर ते मी पाहिलं होतं.

“जन्म कुठला रे तुझा?”

“इथलाच, जिल्ह्यातला.”

“मग माझ्याच हातचा. पायाळू होतास. आधी पाय, मग तू. काय त्रास दिलास आईला! मी होते म्हणून निघालास.”

अधिकाऱ्यानं नकळत आपल्या पायांकडे पाहिलं. आवाज खाली आला. तो “बघतो काहीतरी” म्हणून निघून गेला.

“सिस्टर,” मी विचारलं, “तुम्हाला खरंच आठवतं?”

“इतकी बाळंतपणं कोणाला आठवतील?” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण कुठलाही पुरुष घरी जाऊन आईला हे विचारत नाही.”

हा मात्र निघाला विचारणारा. दुसऱ्या दिवशी परत आला, आणि हसू दाबत म्हणाला, “सिस्टर, आईला विचारलं. मी आजोळी झालो. सुईणीच्या हातून. डोक्याकडून.”

“उत्तम,” सिस्टर म्हणाल्या. “आईचा त्रास वाचला.”

पण आता अस्त्र वाया गेलं होतं. त्यानं नम्रपणे पण ठामपणे सांगितलं, की राहत्या वस्तीत एवढी जनावरं ठेवता येणार नाहीत, तसा नियम आहे. मी वाद घालायला तोंड उघडणार, तोच सिस्टर म्हणाल्या, “नियम वाचून दाखवा.” त्यानं वाचला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. मी चाट पडले. “मीसुद्धा वॉर्डाशेजारी बँड वाजवू दिला नसता. पण आहे तो पेशंट बरा झाल्याशिवाय हलवणार नाही.”

तडजोड झाली. आहेत ते बरे होईपर्यंत राहतील. नवी भरती बंद.

त्याच संध्याकाळी फाटकासमोर ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत एक भलामोठा पांढरा बैल पडला होता. कोणीतरी सोडून दिलेला, बायपासला ट्रकनं उडवलेला. आणणारे गृहस्थ शेतकरी होते, गांधीटोपी, पिकलेल्या मिशा; पुढे आम्ही त्यांना नाना म्हणू लागलो.

“सिस्टर हितंच असत्यात ना? लई नाव ऐकलंय.”

सिस्टर फाटकाच्या आत उभ्या. हात कडीवर. मी त्यांना इतकं अडचणीत कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी दाराशी आलेला पेशंट परत पाठवला नव्हता, आणि आयुष्यात नियमही मोडला नव्हता. बैल फुसफुसत होता.

“इथे घेता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मंग कुठं न्यू?”

सिस्टरनी कडीवरचा हात काढला.

“तुमच्याकडे छप्पर आहे का?”

“कांदा साठवायची चाळ हाय रानात. सध्या रिकामीच हाय. पर तिथं...”

“वारा येतो?”

“कांद्याच्या चाळीत वारा न्हाई येनार तर कुठं येनार, सिस्टर?”

सिस्टर आत गेल्या, पिशवी घेऊन आल्या आणि त्या पांढऱ्या साडीनिशी ट्रॉलीत चढल्या. बैलाच्या डोक्याशी एका गोणीवर बसल्या. “चला,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर, तुम्हीही. उभ्या काय राहिलात?”

ती चाळ त्यांनी आत शिरताक्षणी पसंत केली. लांबलचक पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांचे कप्पे, पट्ट्यांच्या फटींतून खेळणारं वारं आणि मधे रुंद मोकळी वाट. “हे पुरुष, हे स्त्रिया,” त्या कप्प्यांकडे बोट दाखवत म्हणाल्या, “आणि मधे मोठे पेशंट.” आठवडाभरात पोर्चमधले सगळे तिकडे हलले.

“उन्हाळी कांदा निघंस्तवर वापरा,” नाना म्हणाले. “मंग मातर चाळ मला लागंल. वर्साचा कांदा हाय, सिस्टर.”

“तोपर्यंत हा चालत घरी जाईल,” सिस्टर म्हणाल्या.

बैलाची हाडं शाबूत होती, पण मागच्या पायांच्या नसा दुखावल्या होत्या. औषधं मी देत होते. पण बसलेल्या एवढ्या मोठ्या जनावराची खरी भीती असते ती एका कुशीवर पडून राहण्याची. अंगाखाली जखमा होतात, स्नायू मरतात. त्याला दिवसातून अनेकदा कूस बदलून द्यावी लागते. सिस्टरना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी नातेवाइकांना कामाला लावलं. रिक्षावाला, रसवंतीवाला, नाना, नानांची बायको. मागून पोतं सरकवायचं, पुढून फळी लावायची, आणि सिस्टरच्या हुकमावर ढकलायचं.

“पाठीला जखम झाली तर कोणी मला तोंड दाखवू नका!”

केडगावात शांतता झाल्यावर बँक मॅनेजर एकदा खात्री करून घ्यायला चाळीवर आले, की आम्ही खरोखर कायमचे हललो ना. सिस्टरनी त्यांच्या हातात फळीचं टोक दिलं. “तुम्ही उजवीकडून. श्वास सोडत ढकला, रक्तदाब आहे तुम्हाला.” ते पुढे रोज येऊ लागले. रात्रीची झोप छान लागते म्हणाले.

बैल मात्र उठेना. खायचा, रवंथ करायचा, सिस्टरनी केलेली तांदळाची पेज तोंड फिरवून नाकारायचा, पण उठायचा नाही. हिवाळा गेला. एक दिवस सिस्टरनी मला बाजूला घेतलं.

“डॉक्टर, खरं सांगा.”

“आता उठेल असं मला वाटत नाही,” मी म्हणाले. “एवढे दिवस बसलेलं जनावर सहसा उठत नाही.”

त्यांनी छातीशी लावलेल्या घड्याळाची पिन सारखी केली. मग म्हणाल्या, “मी ते विचारलं नव्हतं. उद्यापासून औषध कोणतं, एवढंच विचारलं.” त्यांनी तसं विचारलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी औषध सांगितलं.

आणि कांदा निघाला.

नानांनी दोनदा पुढे ढकललं. कांदा शेतात पातीखाली झाकून ठेवला. पण त्या दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, गार वारं सुटलं. अवकाळी. भिजला तर वर्षाचं पीक सडणार. नाना दोन ट्रॉल्या भरून चाळीच्या दाराशी घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

“सिस्टर, आभाळ बघा.”

सिस्टर मधल्या वाटेत, बैलाच्या पुढे उभ्या होत्या. “माझा पेशंट उठलेला नाही.”

“आवो, मला कळतंय. पर मी खाऊ काय पुढं?”

ट्रॅक्टरवरून नानांची बायको ओरडली, “आवो, बाजूच्या कप्प्यात तरी भरू! न्हाईतर सगळं मातीत जाईल!” नाना तिच्यावर खेकसले, ती नानांवर. कप्प्यातली कुत्री भुंकू लागली. मॅनेजर दोघांना रक्तदाबाविषयी काही सांगू पाहत होते. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांची मान खाली गेली होती. नानांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्यापुढे उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

“भरा,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी कप्पे मोकळे करते. याला काय करायचं ते...”

नानांनी ट्रॉली मागे घेत दाराला लावली. घाईत भरलेल्या कांद्याला पात तशीच होती. वाऱ्यावर ती दारातून आत लोंबू लागली, अजून हिरवट, उग्र वासाची. बैलानं मान वर केली. नाक पुढे काढलं. पात वीतभर लांब राहिली. त्यानं मान ताणली. मग मागचा भाग उचलला, थरथरला, पडला. पुन्हा उचलला. आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. पुढचे गुडघे सरळ झाले, आणि तो एवढा थोरला बैल मधल्या वाटेत चार पायांवर उभा राहिला, डुलत डुलत, आणि त्यानं ट्रॉलीतली पात ओढली.

“कांदा खाऊ देऊ नका!” मी किंचाळले. “जनावरांना बाधतो कांदा! रक्तावर जातो!”

कोणी ऐकत नव्हतं. रिक्षावाला शिट्ट्या मारत होता, नाना टोपी काढून डोळे पुसत होते. मी एकटीच बैलाच्या तोंडातून कांदा ओढत होते आणि तो तितक्याच जोरानं आत ओढत होता.

सिस्टर भडकल्या होत्या. “एवढे महिने नाटक करत होतास?” त्या बैलाला म्हणाल्या. “पेज नको, औषध नको, आणि हे पाहिजे? हे?” मग त्या एका गोणीवर बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, “कोणीतरी पाणी द्या.” त्यांच्या तोंडून अशी विनंती मी तोपर्यंत ऐकली नव्हती.

पाऊस आला तेव्हा एका बाजूच्या कप्प्यांत कांदा होता आणि दुसऱ्या बाजूला पेशंट, दाटीवाटीनं, पुरुष आणि स्त्रिया एकत्र. सिस्टरनी ते चालवून घेतलं. बैलाला त्यांनी आणखी काही दिवस देखरेखीखाली ठेवलं आणि मग नानांनी त्याला गोठ्यात नेलं. पुढच्या हंगामाला नानांनी बांधापलीकडे दुसरी चाळ उभारली. जुनी दिली ती दिलीच. आज तिथे पक्की फरशी आहे, पाण्याची टाकी आहे, महानगरपालिकेचा तो तरुण अधिकारी स्वतः जखमी जनावरं पाठवतो. पाटीवर ‘मोकाट प्राण्यांसाठी’ असं लिहू या म्हटलं तर सिस्टर ऐकेनात. पाटीवर एवढंच आहे: ‘जनरल वॉर्ड’. पुणे रस्त्यानं जाणारे कितीतरी लोक अजूनही ताप आला म्हणून तिथे उतरतात. सिस्टर त्यांचा ताप मोजतात, दोन शब्द सुनावतात आणि पुढे पाठवतात.

माझी बदली डोंगरात झाली, राजूरला. निघण्याच्या सकाळी मी बॅगा गाडीत ठेवून चाळीवर गेले. सिस्टर एका कुत्रीच्या पायाला बँडेज बांधत होत्या.

“येते, सिस्टर,” मी म्हणाले, आणि जीभ चावली. वॉर्डातून निघताना ‘येतो’, ‘येते’ म्हणायला त्यांची सक्त मनाई होती. दवाखान्यात परत यायचं बोलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. नातेवाइकांकडून त्या मुद्दाम ‘जातो’ वदवून घेत.

“चुकलं. जाते,” मी म्हणाले.

त्यांनी बँडेजची गाठ मारली, दात लावून टोक तोडलं. वर बघितलं नाही.

“तू काय पेशंट आहेस?” त्या म्हणाल्या. “येते म्हण.”